पट्टीवर मावणारं विमान

मुलांनो, आज आधी थोडं गणित करू या. दप्तरातली तीस सेंटिमीटरची पट्टी काढा. काढलीत? आता सांगा, लढाऊ विमान ह्या पट्टीवर मावेल का?

माझ्या चौथीच्या वर्गात मी हे विचारलं तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, पट्टी मोडंल की!" सगळा वर्ग हसला, मीही हसले. मग फळ्यावर लिहिलं : १/७२ आणि १/३२. ह्या दोन मापांत एकाच विमानाच्या दोन प्रतिकृती केल्या, तर मोठी कोणती? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, बहात्तरवाली! तुम्हीही तेच म्हणालात ना? खरं सांगा हं.

पोळीचे बहात्तर तुकडे केले तर एकेक तुकडा केवढा होईल? आणि बत्तीस केले तर? लागलीच उजेड पडला. प्रतिकृतीचंही असंच असतं. १/३२ म्हणजे खऱ्या वस्तूचे बत्तीस सेंटिमीटर इकडे एका सेंटिमीटरात बसवायचे. तुमची उंची १२८ सेंटिमीटर असेल, तर त्या मापात तुम्ही बरोबर चार सेंटिमीटरचे व्हाल, म्हणजे खडूच्या अर्ध्या कांडीएवढे! आकडा लहान तेवढी प्रतिकृती मोठी. म्हणून १/३२ हे विमानांच्या छंदात 'मोठं माप' समजतात.

मी केलेलं विमान आहे नॅट. इंग्रजीत नॅट म्हणजे चिलट. संध्याकाळी डोळ्यांपुढं घोंघावतं ना, तेच. नाव अगदी शोभून दिसतं. ब्रिटनमधल्या फॉलंड कंपनीसाठी पेटर नावाच्या अभियंत्यानं ते आखलं आणि १९५५ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. त्या काळी लढाऊ विमानं वर्षागणिक अधिक मोठी, अधिक जड, अधिक महाग होत चालली होती. पेटर म्हणाले, उलट करून बघू. लहान, हलकं, स्वस्त विमान करू. ब्रिटनच्या हवाई दलानं ते लढाईसाठी घेतलंच नाही, त्याचं दोन आसनांचं रूप शिकवण्यासाठी वापरलं. आपल्या देशानं मात्र ते लढण्यासाठी घेतलं आणि बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये दीडशेहून जास्त नॅट तयार केली. पुढं त्यातच सुधारणा करून 'अजित' नावाचं विमानही केलं.

लहान म्हणजे किती लहान? लांबी सुमारे पावणेनऊ मीटर आणि पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेसात मीटरांच्याही आत. कबड्डीचं मोठ्यांचं मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतं. म्हणजे अख्खं नॅट त्यात उभं राहून भोवती पळायला जागा उरते. आता ८७५ सेंटिमीटरांना ३२ नं भागा. सत्तावीस पूर्णांक तीन आले ना? पट्टीवर मावलं की नाही विमान!

पण हे विमान मी कशासाठी केलं, ते सांगायचं राहिलं.

आमची जिल्हा परिषदेची शाळा सातारा जिल्ह्यात आहे. आमच्याकडं बहुतेक घरांत एक तरी फौजी असतो. एकदा वर्गात परमवीरचक्राचा विषय निघाला. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों ह्यांची गोष्ट मी सांगत होते. १४ डिसेंबर १९७१ ह्या दिवशी श्रीनगरच्या विमानतळावर शत्रूच्या सहा सेबर विमानांनी हल्ला केला. धावपट्टीवर बाँब पडत असताना सेखों आपलं नॅट घेऊन उडाले, एकट्यानं लढले आणि त्या लढाईतच त्यांचं विमान पडलं. ते धारातीर्थी पडले. हवाई दलातल्या एकाच माणसाला आजवर परमवीरचक्र मिळालंय, ते ह्यांनाच.

गोष्ट संपली आणि मुलांच्या फुशारक्या सुरू झाल्या. माझ्या आज्यानं मशीनगन चालवली, माझ्या चुलत्यानं बर्फात ठाणं राखलं. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा मात्र गप्प होता. शेजारच्यानं त्याला ढोसलं, "तुझा आजा पण हुता की हवाई दलात!" त्यावर तो पुटपुटला, "आमचा आजा नुसते पाने फिरवायचा." आणि त्यानं पुस्तकात डोकं घातलं.

मला ते वाक्य घरी जाईपर्यंत पुरलं.

त्याच्या आजोबांना सगळा गाव 'आबा' म्हणतो. वय पंचाहत्तरीच्या पुढं. तरुणपणी ते अंबाल्याला नॅटच्या स्क्वाड्रनमध्ये फिटर होते. विमानाचा सांगाडा, चाकं, पंख, झाकणं ह्या सगळ्यांची निगा राखायचं त्यांचं काम. काही वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर गेली. मी भेटायला गेले तेव्हा ओसरीवर बसले होते. मी नॅटचं नाव काढलं आणि त्यांचे हात आपोआप हवेत वर आले. दोन्ही तळव्यांनी ते काहीतरी दाखवायला लागले, "हे असं पोट, ह्या अंगाला हवा आत घ्यायची तोंडं, आन हितं..." नातू शेजारीच होता, पण आबांचे हात कशाभोवती फिरताहेत ते त्याला कळत नव्हतं. आबांना चित्र दाखवून उपयोग नाही आणि नातवाला नुसत्या हातांवरून काही दिसत नाही. दोघांच्या मध्ये ठेवता येईल अशी एक वस्तू हवी होती.

छोट्या प्रतिकृती करायचा छंद मला डी.एड. करत होते तेव्हापासूनचा. पण बाजारात सहज मिळणारं बहात्तरच्या मापाचं नॅट बारा सेंटिमीटरचं. म्हाताऱ्या माणसाच्या राठ अंगठ्याखाली त्याचं नाकही सापडायचं नाही. मोठंच माप हवं. पुण्यातल्या एका छांदिष्ट स्नेह्यांकडं १/३२ चा रेझिनचा संच पडून होता. तो त्यांनी मला अर्ध्या किमतीला दिला. (ती अर्धी किंमतसुद्धा घरी सांगितली नाही!)

रेझिन म्हणजे काय, ते सांगते. नेहमीच्या प्लॅस्टिकच्या संचांसाठी पोलादी साचे लागतात. ते फार महाग, म्हणून जी विमानं हजारोंनी खपतात त्यांचेच असे संच निघतात. कमी खपणाऱ्या विमानांसाठी दुसरी रीत आहे. आधी एक अस्सल नमुना हातानं घडवायचा. त्याच्याभोवती रबराचा साचा ओतायचा. मग दोन पातळ द्रव एकमेकांत मिसळून त्या साच्यात घालायचे. काही मिनिटांत मिश्रण गरम होतं आणि घट्ट बसतं. झाला भाग तयार. असा रबरी साचा थोड्याच वेळा वापरता येतो, मग तो फाटायला लागतो. म्हणून हे संच थोडे निघतात.

खोका उघडला की पहिल्यांदा मन खट्टू होतं. पिवळट रंगाचे तुकडे, प्रत्येकाला ओतकामाचा जाड ठोकळा चिकटलेला, कुठं हवेच्या बुडबुड्यांची भोकं. आमच्या संचातला एक पंख तर उन्हात ठेवलेल्या पापडासारखा टोकाला वर वळला होता. पण रेझिनची गंमत अशी, की ते गरम पाण्यात मऊ पडतं. पंख पाण्यात बुडवला, बाहेर काढून काचेवर सपाट दाबला आणि तसाच गार पाण्यात नेला. आला सरळ!

त्याआधी सगळे भाग भांड्यांच्या साबणानं धुतले. साच्यातून भाग सुटावा म्हणून आत तेलकट थर देतात. तो राहिला तर पुढं रंग धरत नाही. मग ठोकळे बारीक करवतीनं कापले आणि पॉलिश पेपरनं घासायला बसले. इथं आईबाबांनीही लक्ष द्या. रेझिनची पूड छातीत गेलेली चांगली नाही. म्हणून घासायचं ते पाण्यात बुडवूनच, तोंडाला मास्क लावून आणि स्वयंपाकघरापासून लांब. करवत आणि ब्लेड मोठ्यांच्याच हातात हवं. माझ्या मदतनिसाला, म्हणजे त्या नातवाला, मी ह्या दोन्हींना हात लावू दिला नाही. तो रुसला. रुसू दिला.

प्लॅस्टिकचा नेहमीचा गोंद रेझिनला चालत नाही. तो गोंद प्लॅस्टिक थोडं विरघळवून जोडतो आणि रेझिन काही त्याला दाद देत नाही. इथं फेविक्विकसारखा झटपट गोंद किंवा दोन नळ्यांतला मिसळायचा गोंद लागतो. शोभेच्या विमानाला एवढं पुरतं. आमचं विमान मात्र हाताळलं जाणार होतं, तेही रोज. म्हणून पंखांच्या मुळाशी बारीक भोकं पाडून त्यांत मोडक्या छत्रीच्या काडीचे तुकडे बसवले. संचातले चाकांचे पाय मऊ धातूचे होते, दाबले की वाकणारे. ते बाजूला ठेवले आणि पायही छत्रीच्याच काडीचे केले. बुडबुड्यांची भोकं नळ दुरुस्तीच्या लुकणानं बुजवली. एक छत्री सगळी कामी आली म्हणा ना.

नॅटला तीन चाकं. एक नाकाखाली, दोन पोटाखाली. विमान उभं करून बघितलं तर ते शेपटीवरच बसलं! रेझिन जड, आणि चाकांच्या मागचा भाग पुढच्या भागापेक्षा भारी. झोपाळ्यावर एका बाजूला जाड मुलगा बसला तर दुसऱ्या बाजूच्या बारक्यानं काय करायचं? टोकाला सरकून बसायचं. वजन टेकूपासून जितकं लांब तितकं ते जास्त जोर लावतं. म्हणून भार अगदी नाकाच्या टोकात घालायचा. नातवानं सायकलच्या दुकानातून छर्रे आणले. एकेक छर्रा नाकात टाकायचा, विमान पेन्सिलीवर तोलून बघायचं, पुन्हा टाकायचा. अकराव्या छर्ऱ्याला नाक खाली आलं. आम्ही बारा घातले.

रंग देण्याआधी मी ते आबांच्या हातात दिलं.

मुलांनो, तो अर्धा तास मला नीट सांगता येणार नाही, तरी प्रयत्न करते. आधी आबांनी नुसतं वजन घेतलं. मग डावा अंगठा नाकावरून मागं मागं सरकला आणि हवा घ्यायच्या तोंडाशी थांबला. त्या तोंडाच्या बाहेरच्या कडेत त्यांनी नखानं चाचपलं. "हाय की! तोफ हाय!" नॅटच्या दोन तोफा, तीस मिलिमीटरच्या, तिथंच असतात, दोन बाजूंना दोन. नातवानं वाकून बघितलं. गेले तीन आठवडे तो विमान हाताळत होता, पण ते बारीक भोक तोफेचं आहे हे त्याला आत्ता कळलं.

मग आबांनी विमान उलटं केलं. "बाई, चाकाची ही दारं. आमच्या नॅटला हवेतले ब्रेक निराळे नव्हते. वेग मारायचा तर पायलट चाकं अर्धीच खाली सोडायचा. म्हंजे बगा, चाक पण तेच आन ब्रेक पण तोच. तवा ते बिघडलं तर दोन्ही बिघडलं. लई बारीक नजर ठेवाय लागायची." नातवानं विचारलं, "आन तुम्ही शिडी लावून चढायचा का?" आबा हसले. "शिडी कशाला? नॅट बुटकं. जमिनीवर हुभं ऱ्हाऊन हात पुरायचा. पर आत जागा एवढीशी. बारक्या हाताच्या पोराला बोलवायचं, आन बारका हात माझाच हुता." त्यांनी आपला पंजा नातवाच्या पंजाला लावून बघितला.

नातवानं मग एकामागून एक प्रश्न विचारले. थंडीत काय करायचा? पहाटे पत्र्याला हात चिकटायचा. रात्री झोपायचा का? युद्धात नाही. भीती वाटायची का?

ह्यावर आबा थोडं थांबले. "आम्हांला काय भ्याची? आम्ही खाली. इमानं गेली की आम्ही मोजायचं. गेली किती, आली किती. आल्यावर परत मोजायचं." आणि मग हळूच, "येकदा मोजणी जुळली न्हाई. पाना माझ्या हातातच हुता."

पुढं त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. नातू त्यांच्या हाताकडं बघत होता.

आता रंगाचं ऐका. घरातलं कुणीतरी म्हणालंच, "आबांना दिसत नाही, मग रंग कशाला?" मलाही क्षणभर वाटलं, वाचले तेवढेच कष्ट. पण आबांनीच उत्तर दिलं, "बिनरंगाचं इमान लाइनीवर लावत न्हाईत." संपला विषय.

सुरुवातीच्या काळातली आपली नॅट चंदेरी असायची. चंदेरी रंगासारखा खोडकर रंग नाही. हिरव्या-तपकिरी रंगाखाली थोडीफार खोट झाकली जाते, चंदेरी मात्र प्रत्येक ओरखडा चारचौघांत सांगतो. म्हणून आधी करडा प्रायमर मारला, ओरखडे शोधले, घासले, पुन्हा मारला. आबांचा इथं फार उपयोग झाला. माझ्या चष्म्याला न दिसलेले तीन दाणे त्यांच्या बोटाला लागले. "हितं खडा हाय बाई." होताच!

त्यावर चंदेरी नाही, आधी चकचकीत काळा रंग द्यायचा. आश्चर्य वाटलं ना? चंदेरी रंगात धातूची बारीक पूड असते. तिच्या पातळ थराखाली काळी तुकतुकीत जमीन असली की ती धातूसारखी चमकते. पांढऱ्या जमिनीवर तीच पूड राखेसारखी दिसते. गाडीच्या रंगाच्या दुकानातला फवाऱ्याचा डबा घेतला. वीतभर लांबून पातळ पातळ हात मारायचे, ओघळ येऊ द्यायचा नाही. आणि पावसाळ्यात हे काम काढायचंच नाही. आमच्याकडच्या दमट हवेत असा रंग वाळताना पांढुरका पडतो. आम्ही सरळ दिवाळी होईपर्यंत थांबलो. तोवर नातवानं रोज विचारलं, "बाई, आज?"

संचातल्या चिकटवायच्या खुणा ब्रिटिश होत्या. आपल्या हवाई दलाचं चक्र आम्ही हातानं केलं. कागदी चिकटपट्टीतून वर्तुळं कापली, आधी पांढरा, मग बाकीचे दोन रंग. तुमच्यापैकी किती जणांना हे चक्र बरोबर काढता येतं? बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि गाभ्यात हिरवा. पुष्कळ मुलं उलटं काढतात. शेपटीवरच्या पट्ट्यांतही पुढच्या बाजूला केशरी येतो.

राहिला शेपटीजवळचा क्रमांक. प्रत्येक विमानाला तो असतोच. मी नातवाला म्हटलं, "आबांना विचार, त्यांच्या विमानाचा नंबर कोणता घालायचा?" तो धावत गेला आणि चालत परत आला. "आबा म्हणतात, नंबर नका घालू. नंबर घातला की ते येकच इमान हुतं. आन त्यांना कंचं येक ते सांगायचं न्हाई."

म्हणून आमच्या नॅटला क्रमांक नाही.

विमान पुरं झालं त्या आठवड्यात चौथीनं शाळेच्या मैदानावर फक्कीनं नॅट आखलं, अगदी खऱ्या मापाचं. प्रतिकृतीवर पट्टी लावायची, बत्तीसनं गुणायचं, दोरीनं मोजायचं. ज्यांना अपूर्णांक नकोसे वाटतात तेही भांडून गुणाकार करत होते! नाकापासून शेपटीपर्यंत आखून झालं तेव्हा नातू आबांना घेऊन आला. त्यांचा हात धरून त्यानं त्यांना त्या पांढऱ्या रेघेवरून चालवलं. डाव्या पंखाच्या टोकाशी आबा वळले ते न सांगता वळले. मग चाकाच्या जागेपाशी थांबून त्यांनी विचारलं, "हितं चाक काढलंय न्हवं?" काढलं नव्हतं. मुलांनी लगेच फक्की आणली.

त्या दिवशी कुणी फुशारकी मारली नाही. सगळ्यांना फक्त आबांना प्रश्न विचारायचे होते, आणि कुणाचा नंबर आधी हे ठरवत होता तिसऱ्या रांगेतला तो मुलगा.

दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात खरं नॅट बघायला मिळेल. आमचं आबांच्या ओसरीतल्या कोनाड्यात असतं. परवा गेले तेव्हा बघितलं, हवा घ्यायच्या तोंडांपाशी आणि चाकांच्या दारांवर बोटं फिरून फिरून चंदेरी रंग उडालाय आणि खालचा काळा दिसायला लागलाय. मी म्हटलं, "आणा इकडं, पुन्हा एक हात मारून देते." नातवानं विमान उचललं आणि पाठीमागं धरलं. "नको बाई," तो म्हणाला, "कामाचं इमान असंच दिसतं."